गळती पुसू नका, लिहून ठेवा

स्टेशनवर पाण्याची बाटली घेतली की आपण आधी झाकण पिरगळतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो का ते ऐकतो. आवाज आला नाही तर बाटली परत. ‘‘सील तुटलंय, दुसरी द्या.’’ दुकानदारही सहसा वाद घालत नाही. गंमत अशी की झाकणाखालची ती प्लॅस्टिकची कडी पाणी अडवतच नाही. पाणी अडवायला झाकण समर्थ असतं. कडीला काम एकच दिलेलं आहे : आपल्या आधी कोणी बाटली उघडली असेल, तर तसं सांगायचं.

औषधांच्या बाटल्यांवर अशी खूण सक्तीची झाली ती सात माणसं गेल्यावर. १९८२च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर परत ठेवून दिल्या. त्या खुनांसाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकी सरकारने नवे वेष्टन-नियम काढले. त्या बाटल्यांना झाकण होतं, आत कापूस होता, गळत काहीच नव्हतं. फक्त ‘मला उघडलंय’ हे सांगायची सोय त्यांच्यात नव्हती.

बाटलीच्या बाबतीत शाळेतल्या पोरालाही कळणारी ही गोष्ट मोठ्या कामांत आपण साफ विसरतो, असं माझं मत आहे. माझी सगळी नोकरी कोकणातल्या रासायनिक कारखान्यांत, मेंटेनन्स खात्यात गेली. पंप, व्हॉल्व, रिअ‍ॅक्टर, त्यांचे फ्लँज आणि गॅस्केट हेच माझं जग. जिथं लोखंडाचे दोन तुकडे एकत्र येतात आणि मधून काही बाहेर पडू नये अशी अपेक्षा असते, तिथं आमचा माणूस उभा. या नोकरीने एक गोष्ट पक्की शिकवली. सीलला दोन कामं असतात. पहिलं अडवण्याचं. दुसरं, अडवणं जमेनासं झालं की तसं सांगण्याचं. पहिल्या कामासाठी आपण पैसे मोजतो. दुसरं काम सील चोख करतं, तेव्हा मात्र त्याचं तोंड दाबायला धावतो.

जुन्या लोकांना हे दुसरं काम नीट कळलेलं होतं. गुजरातेत लोथलला हडप्पा काळातल्या गोदामाच्या अवशेषांत मातीचे सुमारे ६५ ठसे सापडले. पुढच्या बाजूला मुद्रेची खूण, मागच्या बाजूला दोरीचा, बोरूच्या चटईचा, विणलेल्या कापडाचा वळ. म्हणजे मालाचा गठ्ठा बांधायचा, गाठीवर ओली माती थापायची आणि वर मुद्रा उठवायची. पुढे गोदामाला आग लागली, माल गेला, पण माती भाजून पक्की झाली. म्हणून आज तो वळ आपल्याला दिसतो. सुकलेली माती काय, नखाने निघेल. चोराला ती थोडीच अडवणार होती! पण एकदा काढली की तशीच परत बसवता येत नाही, कारण मुद्रा दुसऱ्याच्या हातात. गठ्ठा पोचवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभी असलेली ती साक्षीदार होती.

इजिप्तमधल्या तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली हॉवर्ड कार्टर शिरला, तेव्हा तोही आधी हीच साक्ष वाचत होता. दाराच्या गिलाव्यावर काही ठिकाणी फोडून पुन्हा बुजवल्याच्या खुणा होत्या आणि त्या जागी वेगळ्या मुद्रा. त्यावरून त्याला कळलं की प्राचीन काळीच इथं चोर येऊन गेले होते आणि अधिकाऱ्यांनी थडगं पुन्हा बंद केलं होतं. आत राजाच्या शवपेटीभोवती एकात एक अशी सोनेरी मखरं होती. सगळ्यात बाहेरच्या मखराच्या दाराला नुसती कडी होती. दुसऱ्याच्या कड्यांत मात्र दोरी गुंडाळलेली आणि तिच्यावर मातीची मुद्रा, जशीच्या तशी, सव्वातीन हजार वर्षं. हॅरी बर्टनने काढलेलं त्या दोरीचं छायाचित्र जगभर गाजलं. सोन्याचा मुखवटा अजून कोणी पाहिलाही नव्हता, पण राजाला हात लागलेला नाही हे दोरीच्या त्या गाठीने आधीच सांगून टाकलं होतं.

आपल्याकडचंच बघा. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा आज गाड्यांच्या काचांवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर सगळीकडे दिसते. तिच्या जोडीची दुसरी लहान मुद्रा कोणी मिरवत नाही. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर जिथं संपतो तिथं मोर्तब, अशी रीत होती. मोर्तबाचं काम हद्द आखण्याचं. तिच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती बाहेरची हे लगेच कळावं. लांब कागद तुकडे चिकटवून केलेले असत. त्या जोडांवरही पाठीमागून ठसा उठवायचे, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलला तर अर्धा ठसा जुळेना. राजाचा दरारा वरच्या शिक्क्यात असेल, पण रयतेचं वतन सांभाळायची ती खालची मुद्रा आणि ते जोडावरचे ठसे.

आता आपल्या सोसायटीच्या जिन्यातला अग्निशामक सिलिंडर बघा. गळ्यात कार्ड लटकतंय. कार्डावर तपासणीची तारीख, खाली एजन्सीचा गोल शिक्का, सही. सगळं कसं व्यवस्थित. जरा वाकून वरचं घड्याळ पाहिलं तर काटा हिरवा पट्टा सोडून लाल पट्ट्यात आलेला. पिनेला बांधलेली प्लॅस्टिकची बारीक सील-पट्टी गायब. सिलिंडर दोन जागी ओरडून सांगतोय की माझ्यात दाब उरलेला नाही, मला कोणीतरी हात लावलाय. पण कार्डावर शिक्का आहे ना, मग झालं! मला राग आहे तो याचा. शिक्का हाही सीलच, पण वस्तूपासून तुटलेला. लोथलची माती गाठीवर असायची. आपला शिक्का फाइलमध्ये असतो.

कारखान्यातली गोष्ट जरा जवळून सांगतो. पंपाचा शाफ्ट आवरणातून बाहेर येतो तिथं भोक असणारच, आणि शाफ्ट फिरता असल्यामुळे ते भोक बुजवून टाकता येत नाही. जुन्या पंपांत तिथं ग्लँड असते : शाफ्टभोवती ग्रॅफाइटच्या डोरीचे वेढे आणि वरून बोल्टने आवळलेलं ग्लँड-पुशर. नवा शिकाऊ पोरगा थेंब पडताना दिसले की पाना घेऊन धावायचा. आमचे एक जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते त्याचा हात धरायचे. ‘‘पडू दे रे थेंब. सुकी ठेवलीस तर स्लीव्ह खाईल.’’ खरंच होतं ते. थेंब थेंब झिरपणाऱ्या पाण्यानेच डोरी थंड राहते. पार आवळली की ती तापते, जळते, शाफ्टवरची स्लीव्ह खरवडते आणि मग जी गळती लागते ती कुठल्याच पान्याने थांबत नाही. मामा येता-जाता थेंब मोजायचे. कालच्यापेक्षा आज जास्त पडले, तर हात पुसून शिफ्ट इंजिनिअरच्या केबिनमध्ये जायचे आणि सांगून यायचे. साहेबाने ऐकलं की नाही, याची फिकीर न करता.

विषारी किंवा ज्वालाग्राही द्रवाला थेंबसुद्धा बाहेर सोडून चालत नाही. तिथं मेकॅनिकल सील. दोन चकत्या, एक कार्बनची, एक सिलिकॉन कार्बाइडची. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर असते आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. या चकत्यांची तोंडं इतकी सपाट लागतात की सपाटपणा मोजायला गेज चालत नाही, प्रकाश लागतो. लॅपिंग केलेली चकती एकरंगी दिव्याखाली ठेवायची, तिच्यावर ऑप्टिकल फ्लॅट म्हणजे जाड, पूर्ण सपाट काच. काचेतून काळ्या रेघा दिसतात. रेघा सरळ आणि समांतर असल्या तर चकती पास. वाकल्या तर पुन्हा लॅपिंग. हीलियमच्या दिव्यात एका रेघेचा फरक म्हणजे ०.२९ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आम्ही दोन-तीन रेघांच्या वर जाऊ देत नसू आणि तयार फेसवर कोणी बोट टेकवलं तर त्या दिवशी त्याचं काही खरं नसायचं.

आणि इतकं करूनही त्या चकत्या एकमेकींवर कोरड्या टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये द्रवाचा एक थर राहतो, मायक्रॉनच्या आसपास जाडीचा. तो आटला तर फेस बघता बघता जळतात. म्हणजे उत्तमातलं उत्तम सीलसुद्धा गळतं, मोजून गळतं. ज्याने ते बनवलं त्याला हे माहीत असतं, म्हणून धोकादायक द्रवासाठी तो एकापुढे एक अशी दोन सीलं बसवतो, मध्ये वेगळा निरुपद्रवी द्रव भरतो आणि त्या द्रवाचं छोटं भांडं पंपाशेजारी उभं करतो. भांड्याची पातळी हलली किंवा दाब बदलला, की समजायचं : दोघांपैकी एक थकलंय. दुसरं अजून उभं आहे, तेवढ्यात आवर. सांगण्याची सोय यंत्रातच केलेली असते. फक्त त्या भांड्याकडे कोणीतरी बघायला हवं.

सह्याद्रीत धनेशाची मादी हेच करते. देवरुख-संगमेश्वराकडच्या देवरायांत, जुन्या उंच झाडांच्या ढोलीत महाधनेशाची मादी अंडी घालायला शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. ते वाळून कडक होतं. पण पूर्ण बंद ती कधीच करत नाही. चोचीपुरती उभी फट राखते. नर त्या फटीतून उंबरं, वडाची फळं भरवतो, घाण त्याच वाटेने बाहेर टाकली जाते. साप-मुंगसाला शिरता येत नाही आणि आतल्या जिवाचा बाहेरच्याशी संबंधही तुटत नाही. ३८ ते ४० दिवस अंडी उबवायची, वर पिल्लं अर्धीमुर्धी वाढेपर्यंत तिथंच राहायचं, तेही तेवढ्या फटीच्या भरवशावर. सगळं ठार बंद करणं म्हणजे सुरक्षितता, हा समज माणसांचाच असावा.

आमच्याकडे काय व्हायचं, ते सांगतो. ऑडिट जाहीर झालं की आदल्या दिवशी स्टोअरमधल्या कॉटन वेस्टची मागणी एकाएकी वाढायची. पंपाखालचे ट्रे रिकामे, पाया धुऊन लख्ख, फ्लँजवर ताजा रंग. रंगाखाली गॅस्केटचा ओलसर डाग झाकला जायचा. ऑडिटर यायचे, बघायचे, शिक्का मारायचे, चहा घ्यायचे. त्यांच्यामागोमाग आठवडाभरात तोच डाग रंग फोडून वर. मामांसारखा माणूस ‘उद्या पुसू, आज बघू द्या’ म्हणाला, तर त्याला ‘नकारात्मक’ म्हणायचे. कारखान्याचं नाव सांगायची गरज नाही. ज्याने महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत नोकरी केली आहे, त्याला आपापल्या कारखान्याचं नाव आठवेल.

सीलचं म्हणणं पुसून टाकलं की काय होतं, त्याचा सगळ्यात महागडा धडा जगाने २८ जानेवारी १९८६ला पाहिला. अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. कारण होतं बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग. सुमारे ३.७ मीटर व्यासाची, जेमतेम ७ मिलिमीटर जाडीची. रॉकेट पेटलं की सांधा किंचित उघडतो आणि दबलेल्या रबराने क्षणार्धात फुगून ती फट भरायची असते. थंडीत रबर ताठरतं, फुगायला वेळ घेतं. तेवढा वेळ पेटता वायू देत नाही.

हे कोणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. ओ-रिंग वर्षभर आधीपासून सांगत होती. जानेवारी १९८५मध्ये, सुमारे १२ अंश सेल्सिअस तापमान असताना झालेल्या उड्डाणानंतर रॉकेट उघडलं, तेव्हा दोन रिंगांच्या मध्ये काळीकुट्ट काजळी सापडली. म्हणजे पहिली रिंग ओलांडून वायू आत आला होता. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतल्या रॉजर बोजोले या इंजिनिअरने ती काजळी पाहिली आणि जुलै १९८५मध्ये वरिष्ठांना लेखी कळवलं की हे असंच चाललं तर माणसं मरतील. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर लांबलचक बैठक झाली. इंजिनिअरांनी सांगितलं, १२ अंशांच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. मग कंपनीच्या व्यवस्थापकांनी इंजिनिअरांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. उड्डाणतळावर हजर असलेले कंपनीचे अ‍ॅलन मॅकडोनल्ड यांनी सही करायला नकार दिला, तर युटामधल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने सही करून कागद फॅक्सने पाठवला. सकाळी तापमान २ अंशांच्या घरात होतं. कागद मात्र पूर्ण होता.

पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच रबराचा तुकडा शिकंज्यात दाबला, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, काढला आणि सोडला. रबर परत फुगलं नाही. सगळी वाहवा त्या प्रयोगाची झाली. मला मात्र त्या प्रयोगापेक्षा आधीच्या वर्षीची काजळी महत्त्वाची वाटते. ग्लासभर बर्फाच्या पाण्याचं शहाणपण सात माणसं गेल्यावरचं. काजळी वेळेत बोलली होती.

काही सीलं मात्र आपल्याला दिसेल असं काहीच सांगत नाहीत, तिथं आपणच जाऊन बघावं लागतं. मे महिन्यात गावाला जाऊन महिनाभराने घर उघडलं, की न्हाणीघरातून वास येतो. फरशीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकात साठलेलं बोटभर-दोन बोटं पाणी हेच सील. घरात आणि गटारात असलेला पडदा एवढाच. पाणी उडालं की पडदा गेला. घरी एक तांब्या पाणी ओतून भागतं. मार्च २००३मध्ये हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत मात्र तसं भागलं नाही. लोक न्हाणीघराची फरशी धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे कित्येक घरांतले ट्रॅप कोरडे पडले होते. एक सार्सचा रुग्ण तिथं राहून गेला आणि न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे सांडपाण्याच्या नळातली दूषित हवा घराघरांत ओढून घेत राहिले. ३००हून अधिक रहिवाशांना लागण झाली, त्यातले ४२ दगावले. एवढी आधुनिक वसाहत! पण तांब्याभर पाण्याची नोंद ठेवणारं कोणी नव्हतं.

उलट उदाहरणही पाण्याच्याच सीलचं आहे, इस्पितळातलं. माझ्या मेव्हण्याला महामार्गावर अपघात झाला. बरगडी मोडून फुप्फुसाला लागली आणि छातीत हवा साचली. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या बाटलीत, पाण्याच्या सुमारे २ सेंटिमीटर खाली. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची हवा मात्र पाण्यामुळे आत जाऊ शकत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या गोट्टहार्ड ब्यूलाव यांनी रूढ केलेली ही युक्ती, काच जाऊन प्लॅस्टिक आलं तरी तीच. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं. मी जवळ उभा होतो, तर सिस्टर म्हणाल्या, ‘‘काका, बाटली छातीच्या वर उचलायची नाही. आणि हे पाणी हलतंय का बघत राहा. थांबलं तर मला हाक मारा, रात्री दोन वाजता थांबलं तरी.’’ पाणी थांबलं तर फुप्फुस पूर्ण फुललेलं असू शकतं किंवा नळी कुठंतरी दुमडलेली, तुंबलेली असू शकते. एक चांगली बातमी, एक वाईट. ते ठरवणाऱ्या त्या. दर पाळीला त्या येऊन कागदावर लिहायच्या : बुडबुडे आहेत की नाहीत, पाणी हलतंय की नाही, बाटलीत किती साचलं. पुढच्या पाळीची सिस्टर आधी तो कागद वाचायची, मग रोग्याकडे वळायची. सीलचं ऐकायचं म्हणजे काय, हे मला कुठल्याही सेफ्टी सेमिनारपेक्षा त्या वॉर्डात जास्त चांगलं पाहायला मिळालं.

सार्वजनिक जीवनातही फरक इथंच पडतो. मतदान यंत्राबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्याच्यावरच्या हिरव्या कागदी सीलची पद्धत मला आवडते. मतदान सुरू होण्याआधी ते लावलं जातं, त्याच्यावर अनुक्रमांक असतो, उमेदवारांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करू शकतात, क्रमांक लिहून घेतात आणि मतमोजणीच्या दिवशी ताडून पाहतात. एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेली माणसं एका कागदी पट्टीची साक्ष मानतात, कारण ती सगळ्यांसमोर लावलेली असते. याच्या अगदी उलट टोकाला न्यायालयात सरकारने द्यायचा सीलबंद लिफाफा. समोरच्या पक्षाला आतलं कळतच नाही, तर त्याने उत्तर कशाला द्यायचं? ५ एप्रिल २०२३ रोजी ‘मीडियावन’ या मल्याळम वाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि ती नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध जाते असं सांगितलं. लाख तीच, लिफाफाही तोच. पण पुरावा राखण्यासाठी लावलेलं सील आणि पुरावा लपवण्यासाठी लावलेलं सील, यांना एका मापाने मोजता येत नाही.

मग करायचं काय? माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली घरापासून. गॅसचा सिलिंडर आला की वरची टोपी आणि तिची दोरी शाबूत आहे का बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. आणणाऱ्यासमोर टोपी काढा आणि व्हॉल्वच्या तोंडात डोकवा. आत काळी रबराची बारीक ओ-रिंग असते. ती चिरलेली असेल किंवा नसेलच, तर रेग्युलेटर कितीही दाबून बसवा, गॅस बाजूने येणारच. ‘‘दादा, रिंग बदलून द्या,’’ म्हणायला लाजू नका. दारात दोन मिनिटं जातील. ‘चॅलेंजर’च्या सांध्यात होती त्याच जातीची ती वस्तू आहे आणि तुमच्या शेगडीपासून हातभर अंतरावर आहे.

दुसरी शिक्का मारणाऱ्यांसाठी. लिफ्ट असो, अग्निशामक असो, बॉयलर असो की शाळेची बस, तपासणीच्या कार्डावर नुसता शिक्का आणि सही पुरे नाही. काय पाहिलं, ते आकड्यात लिहिलं पाहिजे. काटा कुठं होता? पिनेची पट्टी होती का? दोरखंडाच्या किती तारा तुटलेल्या दिसल्या? आकडा लिहायचा म्हटलं की वस्तूपाशी जावं लागतं, वाकावं लागतं. केबिनमध्ये बसून शिक्का मारता येतो, आकडा लिहिणं अवघड जातं. आणि खोटा आकडा पुढच्या वेळी पकडता येतो. शिक्का पकडता येत नाही.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, कारखान्यांसाठी. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४च्या त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारी ज्योत-नलिका जोडलेलीच नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक झालं. समोर धोका दिसला तर तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगारालाही कायद्याने मिळाला. कायद्यात हक्क आला, पण मामांना केबिनमध्ये खुर्ची मिळाली नाही. म्हणून प्रत्येक कारखान्यात गळतीची वही हवी. कुठल्या पंपाला, कुठल्या फ्लँजला, किती, कोणी पाहिली, कधी कळवली आणि त्यावर कोणी काय केलं. ही वही सुरक्षा समितीसमोर दर महिन्याला उघडली जावी आणि शेजारच्या ग्रामपंचायतीच्या माणसालाही ती बघता यावी. गळती नोंदवणाऱ्याच्या वार्षिक अहवालात ती त्याच्या बाजूने धरली जावी.

कारखानदार लगेच म्हणतील, अशी वही म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. हे म्हणणं मला समजतं, पण मान्य नाही. पुरावा सील आधीच तयार करून ठेवतं, पंपाखालच्या ट्रेमध्ये, गॅस्केटच्या कडेला, सांध्यातल्या काजळीत. प्रश्न इतकाच की तो आपण वाचायचा, की अपघातानंतर चौकशी समितीने. आणि निरीक्षकांनाही एक सुचवतो. वहीत भरपूर नोंदी असलेल्या कारखान्याला आल्या आल्या नोटीस काढू नका. तिथं कोणीतरी बघतंय, कोणीतरी ऐकतंय. शेकडो पंप आणि हजारो फ्लँज असलेल्या ज्या कारखान्याच्या वहीत वर्षभर एकही गळती नाही, तिथं आधी जा. जाताना कळवू नका.